जैतूनबीचे थंडीतले रोजे

जैतूनबीला भूक सोसत नसे, आणि ही गोष्ट तिनं कधी कुणापासून लपवली नाही. भाकरी करायला बसली की पहिली भाकरी ती तव्याशेजारीच संपवायची. "तवा नीट तापला का न्हाई हे बघायला एक भाकर लागतेच की, वैनी," असं वर मलाच समजावून सांगायची. शेंगा फोडायला बसली की टोपल्यात टरफलं जास्त आणि दाणे कमी. दारात माणूस आला तर 'या, बसा' म्हणायच्या आधी 'जेवलात का' विचारायची, आणि तो जेवला नसेल तर त्याच्याबरोबर पुन्हा जेवायची. अशा बाईची आठवण काढताना मला आधी तिचे उपासच आठवावेत, हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे. पण माझा इलाज नाही. तिचे उपास होतेच तसे.

ती लढाईची वर्षं होती. माझे यजमान निजामाच्या रेल्वेत, पिंगळी स्टेशनावर तारबाबू होते. स्टेशन म्हणजे एक कौलारू इमारत, मालधक्का, दोन लिंबाची झाडं आणि मागं भिंतीला भिंत लावून उभी असलेली क्वार्टरं. आमच्या स्वयंपाकघराची भिंत तीच जैतूनबीच्या स्वयंपाकघराची भिंत. तिच्याकडे फोडणी बसली की शिंका आम्हाला. परसातली भिंत मात्र कमरेइतकीच होती. तिच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही दोघींनी संसार केला असं म्हटलं तरी चालेल. तिचे मालक करीमबाबू मालधक्क्यावर कारकून होते. रुईच्या गाठी मोजता मोजता ते स्वतः कापसाच्या वाळल्या पराटीसारखे झाले होते. जैतूनबी शेजारी उभी राहिली की ते दिसायचेच नाहीत.

आमच्या घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सोवळ्याला फार कडक. भिंतीपलीकडून आलेली वस्तू कोरडी असेल तर चालायची, ओली असेल तर नाही. म्हणजे खारीक चालायची, खीर नाही. मला या कायद्याची मनातून चीड यायची, पण नव्या सुनेच्या चिडीला विचारतो कोण? जैतूनबीला मात्र चीड यायची नाही. "काकूबाईचं बी बराबर हाय," म्हणायची. "मेरेकू बी खिरीत भागीदार नक्कोच."

तिच्या रोज्यांचा कायदा मला तिनंच शिकवला. रमजानचे रोजे म्हणजे फर्ज, तिथं बोलायला जागा नाही. ते ती कण्हतकुथत का होईना, पण इमानानं करायची. बायकांचे त्यातले काही दिवस दरवर्षी सुटतातच. आजारपणात सुटतात, प्रवासात सुटतात. ते पुढं सवडीनं भरून द्यायचे, त्याला ती 'कजा' म्हणायची. आणि कुणी न सांगता, आपल्या हौसेनं, पुण्यासाठी धरायचा तो 'नफिल'. कजाचा रोजा धरायचा तर मनाशी तसं ठरवणं पहाट उजाडायच्या आत व्हायला पाहिजे. नफिलला सवलत होती. सकाळपासून काही खाल्लेलं नसेल तर दुपार व्हायच्या आत कधीही ठरवावं. "पर मेरा नफिल होतच न्हाई, वैनी," ती खेदानं म्हणायची. "ठरवंपर्यंत तोंडात कायतरी गेलेलं असतंय."

शिवाय नफिलला नवऱ्याची परवानगी लागते, कजाला लागत नाही. कधीमधी पुण्याची लहर आली की जैतूनबी माझ्यादेखत, परसातून करीमबाबूंना विचारायची, "आज नफिल रखूं क्या जी?" करीमबाबू मान हलवून म्हणायचे, "रखो." झालं, हिचा चेहरा उतरायचा. ते धक्क्याकडे गेले की मला म्हणायची, "बघितलंत? एकदा तरी 'नक्को' म्हनायचं की! मेरेकू पुन्य बी मिळालं असतं आन जेवन बी."

रोज्याच्या दिवशी भूक परवडली पण स्वयंपाक नको, असं तिचं मत. कारण मीठ चाखता येत नाही. नवरा तापट असेल, मिठावरून ताट भिरकावणारा असेल, तर बाईनं जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलेलं चालतं, असं तिच्या कानावर होतं. पण करीमबाबू म्हणजे गाय. त्यांना तापट करायचा प्रयत्नही तिनं करून पाहिला. एकदा मुद्दाम पार अळणी सालन, म्हणजे रस्सा, वाढलं. ते गुमान जेवले, "अच्छा बना" म्हणाले आणि कामावर गेले. जैतूनबी कपाळाला हात लावून बसली.

शेवटी तिनं आत्याबाईंना गाठलं. पातेलं हातात घेऊन भिंतीशी आली आणि म्हणाली, "काकूबाई, जरा वास घेऊन सांगा की, मीठ बराबर हाय का."

"वासानं मीठ कळतं का कधी?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुमाला कळतंय. तुमी नैवेद्य चाखत न्हाईत, तरी तुमचं मीठ कवा चुकलं हाय का?"

हे खरं होतं. देवाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, त्यामुळे आत्याबाईंचा उभा जन्म न चाखता मीठ घालण्यात गेला होता. पण इतक्या वर्षांत त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. त्या विरघळल्या. "काय हाय पातेल्यात?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"दाळ," जैतूनबी बेधडक म्हणाली.

ती कसली दाळ होती ते वासावरून मलाही कळलं आणि आत्याबाईंनाही. पण दाळ म्हटल्यावर दाळ. त्यांनी पदर नाकाला लावला, मग वास घ्यायचाय हे आठवून थोडा बाजूला केला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चिमूटभर कमी पडलं." संध्याकाळी करीमबाबूंनी "अच्छा बना" म्हटलं. ते नेहमीच म्हणायचे, पण त्या दिवसापासून दोघींनी ते आत्याबाईंच्या खाती धरलं. पुढं रोज्याच्या दिवशी ही 'दाळ' भिंतीशी ठरल्यासारखी यायला लागली. वासाला विटाळ नसतो, असं शास्त्र आत्याबाईंनी तिथल्या तिथं काढलं होतं.

जैतूनबीचा दुसरा गुण म्हणजे विसरभोळेपणा. चुलीवर दूध ठेवून ती मालगाडी बघायला जायची. किल्ली कमरेला खोचून घरभर किल्ली शोधायची. रोजाही विसरायची. एकदा रोज्याच्या दिवशी परसात बसून ती माझ्याशी बोलत होती आणि बोलता बोलता समोरच्या सुपातली बोरं एकेक करून तोंडात टाकत होती. चांगली ओंजळभर गेली असतील. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अगं जैतून, आज तुझा रोजा ना? काय खायलीस?"

जैतूनबीनं तोंडातलं बोर थुंकलं, आणि अशी चिडली म्हणता! "कायकू याद दिलाया, काकूबाई? भूल के खाल्लं तर रोजा तुटत न्हाई. अल्लानं खाऊ घातलं म्हनतात आमच्यात. चार बोरं राहिली होती सुपात, ती बी जाऊ द्यायची होती की!"

"मग आता?"

"आता काय! आता याद आली. आता सूर्य बुडंपर्यंत बोर बघायचं बी न्हाई." आणि राहिलेल्या चार बोरांकडे पाठ फिरवून ती घरात निघून गेली. आत्याबाई मला म्हणाल्या, "देव बी हिच्या ओळखीचा दिसायलाय."

आता मुख्य गोष्ट सांगते. माझा थोरला, अनंता, भाद्रपदात झाला. जैतूनबीची हमीदा त्याच्याहून थोडी मोठी. आश्विन लागला, आमच्या घरी घट बसले, आणि त्या साली त्याच चंद्राला जैतूनबीचा रमजान लागला. त्याच महिन्यात मला मुदतीचा ताप भरला. नक्की कोणत्या दिवशी, ते मला विचारू नका, मी शुद्धीवर नव्हते. यजमानांना विचाराल तर ते "दिवाळीच्या आधी" एवढंच सांगायचे. तारेच्या कट्टकट्टापुढं त्यांना घरातलं काही ऐकूच येत नसे. माझं दूध आटलं. शेळीचं दूध पोराला पचेना. रडून रडून त्याचा आवाज बसला, मग रडणंही बसलं. तेव्हा आत्याबाईंनी त्याला उचललं आणि परसातल्या भिंतीवरून जैतूनबीच्या हातात दिलं. जैतूनबीनं एक शब्द न विचारता त्याला पदराखाली घेतलं.

"दुधाला विटाळ नसतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि पोर पीत असेपर्यंत लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही. पहिले काही दिवस पोर परत घेतलं की त्या आंघोळ करायच्या. दिवसातून इतक्या आंघोळी करून त्यांनाच पडसं झालं, मग आंघोळ सुटली. मी बरी होऊन उठून बसले तेव्हा पोर गुबगुबीत झालं होतं आणि आत्याबाई निम्म्या झाल्या होत्या.

मी हिंडू-फिरू लागले तशी जैतूनबी एक दिवस भिंतीशी येऊन गंभीरपणे म्हणाली, "काकूबाई, एक सांगून ठेवते. अंता आता मेरा दूधबेटा हाय. हमीदा त्याची भैन झाली. दोघांचा निकाह आता हराम."

आत्याबाई ताक घुसळत होत्या. रवी थांबली. "निकाह? कुणी काढला होता निकाह?"

"कुनी न्हाई. पर सांगितलेलं बरं. पुढं घोटाळा नक्को."

आत्याबाईंनी देवाला हात जोडले. जी काळजी त्यांना जन्मात कधी पडली नसती, ती मिटल्याचं त्यांना मोठं समाधान झालं.

पण दुसरी काळजी लागली, ती चांगलीच लागली. रमजान चालू असतानाच आत्याबाईंनी जैतूनबीला भर दुपारी भाकरी खाताना पाहिलं होतं, आणि ते आता बोलता बोलता निघालं.

"विसरून खात होतीस का तवा?"

"न्हाई काकूबाई, ठरवून. दोन दोन लेकरं पीत होती, मेरेकू चक्कर यायली. मौलवीसाबला विचारलं. ते बोले, पाजणाऱ्या बाईला झेपत नसंल तर सोड, मग भरून दे. त्यात काय गुन्हा न्हाई."

आत्याबाईंच्या शास्त्रात हे असं नव्हतं. एका बाईचं धरलेलं व्रत मोडलं, आणि ते आमच्या लेकरापायी. मोडल्या व्रताचा भार ज्याच्यापायी मोडलं त्याच्या डोक्यावर, आणि ते डोकं तर अजून नीट धरवतही नव्हतं. जैतूनबीनं कितीदा समजावलं की रोजे माझे, भरून मी देणार, लेकराचा काय संबंध? पण आत्याबाईंच्या मनातून ते जाईना. पोराला साधी शिंक आली की त्या भिंतीपलीकडे बघायच्या. त्यांची झोप उडाली. मी कूस वळले की त्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसलेल्या दिसायच्या. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण त्यांच्यामुळे मलाही झोप लागत नसे.

"कवा भरून देतीस?" त्या विचारायच्या.

"थंडी येऊ द्या. थंडीतला दिवस चिमनीएवढा असतो, उगवला की बुडाला. उन्हाळ्यात भरायला मी काय येडी हाय का?"

थंडी आली तर हमीदा अंगावर पीत होती. ती थंडी गेली. मधला रमजान आला, तोही जैतूनबीनं पुरा केला. दुसरी थंडी लागली तेव्हा आत्याबाईंनी कारभार आपल्या हातात घेतला, आणि पहिल्याच दिवशी वाद झाला, की भरायचे किती?

"घट बसले त्या दिवशी पोरीला ताप भरला. म्हणजे महिना पुरा," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई, काकूबाई. दसऱ्याला सोनं द्यायला मी आले होते, तवा मेरा रोजा होता. कोजागिरीनंतर सुटले. आधा महिना."

"मला सांगतीस? घटापुढं दिवा लावला आणि पोर रडायला लागलं. सगळं नवरात्र मी पोर घेऊन तुझ्या भिंतीशी उभी होते."

"पर काकूबाई..."

"काल दूध उतू घालवून मालगाडी बघत होतीस, तुला मागच्या सालचं काय आठवतंय?"

यावर आम्ही सगळेच हसलो. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "दिवाळीच्या आधी." करीमबाबू गप्पच. माझी शुद्ध नव्हती. राहिल्या दोघी, आणि त्यात एक जैतूनबी. तिच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? मीही आत्याबाईंचीच बाजू घेतली. जैतूनबी आत्याबाईंच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मग हसून म्हणाली, "हौ, तुमचंच बराबर असंल. मेरेकू कुठं याद राहतंय!"

त्या थंडीत आत्याबाई रोज पहाटेच्या आत लाटण्यानं भिंत ठोकायच्या. उजाडायच्या आत जैतूनबीनं खाऊन घ्यायला पाहिजे, आणि खाण्यासाठी आधी उठायला पाहिजे. "उठलीस का गं? खाल्लंस का? पाणी पिलीस का?" पलीकडून झोपेतला आवाज यायचा, "मेरी सास मरून धा साल झाली, ती परत आली का काय!" दिवस मावळायला आत्याबाई ताजे धपाटे आणि तिळाची चटणी घेऊन भिंतीशी हजर. जैतूनबी पाण्याचा घोट घ्यायची, खजूर तोंडात टाकायची, आणि मग धपाट्यांवर अशी तुटून पडायची की बघणाऱ्याचं पोट भरावं. आत्याबाई मनातल्या मनात तिथी मोजायच्या आणि म्हणायच्या, "एक उतरला."

बकरी ईदच्या दिवशीही त्यांनी नेमानं भिंत ठोकली. पलीकडून उत्तर आलं, "काकूबाई, आज रोजा धरनं गुन्हा हाय!"

"गुन्हा? उपास धरणं?"

"हौ. ईदला खायाचंच असतंय. आन त्याच्यानंतरचे तीन दिवस बी," जैतूनबी अत्यंत भक्तिभावानं म्हणाली. तिच्या आवाजात इतकी श्रद्धा मी कधी ऐकली नव्हती. न खाणं पाप ठरेल असे दिवस असतात, यावर आत्याबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी करीमबाबूंना विचारून खात्री करून घेतली, तेव्हा कुठं लाटणं खाली ठेवलं.

मग मानवतला जैतूनबीच्या भाचीचं लग्न निघालं. ती आठवडाभर गेली. तिथं ती काय खात असेल याची कल्पना आम्हा दोघींनाही होती. इकडं आत्याबाईंचा जीव टांगणीला. थंडी सरायला लागली होती आणि दिवस लांबत होता. शेवटी त्यांनी एक दिवस उजाडायच्या आत थोडे दही-पोहे खाल्ले आणि दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता बसून राहिल्या. मी घाबरले. म्हणाल्या, "गप बस. जैतूनच्या नावानं धरलाय."

जैतूनबी परत आल्याबरोबर त्यांनी तिला सांगितलं, "एक मी करून टाकलाय तुझा. तेवढा कमी धर."

जैतूनबीनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "ऐसा न्हाई चालत, काकूबाई! ज्याचा रोजा त्यानंच धरायचा. तुमी जेवल्यावर मेरा पेट भरतो का?"

"आमच्यात चालतं. सून आजारी पडली तर सासू तिचे सोमवार पुरे करती. तुझ्या मौलवीला विचार."

विचारल्याशिवाय त्या ऐकणार नव्हत्या. करीमबाबूंनी पॅसेंजरच्या गार्डाबरोबर परभणीच्या मौलवीसाहेबांना तोंडी निरोप धाडला. हा नरसय्या गार्ड तेलंगी माणूस, त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण निरोप इमानानं पोचवायचा. दोन दिवसांनी पॅसेंजर थांबली, आणि तो हिरवी झेंडी बगलेत मारून सरळ क्वार्टरांकडे चालत आला. आत्याबाई दाराआड उभ्या.

"मौलवीसाब बोले," नरसय्या पाठ केल्यासारखा म्हणाला, "एक का रोजा दूसरा नहीं रख सकता. पर उस बुढ्ढी अम्माकू मेरा सलाम बोलना." एवढं सांगून त्यानं शिट्टी मारली आणि गाडीकडे पळाला.

"सलाम घेऊन काय करू?" दाराआडून आत्याबाई म्हणाल्या. "माझा दिवस तर फुकट गेला."

शेवटचा रोजा नेमका महाशिवरात्रीला पडला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना उपास. दुपारी आत्याबाई ताट घेऊन परसात बसल्या. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, ताक. जैतूनबी पलीकडून बघत होती. बघता बघता म्हणाली, "काकूबाई, हे उपासाचं हाय?"

"मग?"

"ऐसा उपास असंल तर मी सालभर धरते की!"

आत्याबाईंना राग यायला हवा होता, पण त्या दिवशी त्यांना कशाचाच राग येत नव्हता. संध्याकाळी दिवस बुडाला, जैतूनबीनं पाणी पिलं, आणि आत्याबाई "झालं" म्हणून तिथंच ओट्यावर बसल्या. त्या रात्री त्या लवकर निजल्या, आणि सकाळी गाडी येऊन गेली तरी उठल्या नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा त्या अशा झोपल्या. मी पोराला गप्प करत होते, की आजीला उठवू नको.

होळीच्या आसपास करीमबाबूंची बदली कामारेड्डीला झाली. तिकडं सगळे तेलंगी बोलणार, म्हणून जैतूनबी आधीच धास्तावली होती. "भाकर मांगायची तर काय म्हनायचं असतं तिथं?" असं तिनं नरसय्याला विचारून ठेवलं होतं. सामान मालधक्क्यावरून चढलं. हमीदाला कडेवर घेऊन ती डब्यात खिडकीशी बसली. आत्याबाईंनी धपाट्यांचं गाठोडं बांधून आणलं होतं, ते त्यांनी स्वतः खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवलं. वरून टाकलं नाही, हातात दिलं. मग तिचा हात धरूनच त्यांनी विचारलं, "जैतून, काही राहिलं नाही ना गं? लेकराच्या डोक्यावर आता काही नाही ना?"

"कुछ न्हाई, काकूबाई. खुशाल झोपा."

"नक्की?"

जैतूनबी हसली. इंजिनानं शिट्टी दिली. "अब बोलते," ती म्हणाली. "दसऱ्याला मेरा रोजाच होता. सोनं देऊन घरी गेले आन पानी पिऊन रोजा खोलला, मेरेकू चांगलं याद हाय. मेरे रोजे संक्रांतीच्या आधीच पुरे झाले होते."

आत्याबाईंनी तिचा हात सोडून खिडकीचा गज धरला. "मग नंतरचे?"

"ते तुमचे."

गाडी हलली. आत्याबाई खिडकीचा गज सोडीनात. गाडीबरोबर चालत, धापा टाकत त्या म्हणाल्या, "अगं मग उपाशी का राहिलीस? इतके दिवस? सांगायचं होतंस की मला!"

"सांगितलं होतं की. तुमी ऐकलं न्हाई." गाडीच्या आवाजात तिला आता ओरडावं लागत होतं. "आन तुमी झोपत नव्हत्या ना, काकूबाई!"

मी आत्याबाईंना धरून मागं ओढलं. करीमबाबू पलीकडच्या खिडकीतून नेहमीसारखी मान हलवत होते. मोजणीच्या वादात ते का गप्प बसले होते, ते मला तेव्हा कळलं; या वरच्या रोज्यांनाही त्यांनी 'रखो'च म्हटलं असणार. भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली तरी ती बाई त्या दिवसांत भिंतीशी येऊन हसत होती, आणि मी तिला विसरभोळी म्हणून आत्याबाईंच्या बाजूनं बोलले होते. मला तिथं फलाटावर रडू आलं.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्या डोळ्यांवर हात धरून गाडीकडे बघत होत्या. डबा लिंबाच्या झाडापलीकडे गेला, तेव्हा खिडकीतून जैतूनबीचा हात बाहेर आला. निरोपाचा हात हलवतेय असं मला वाटलं, पण त्या हातात धपाटा होता. गाठोडं सोडून तिनं खायला सुरुवातसुद्धा केली होती.

"खा बाई," आत्याबाई पुटपुटल्या. "पोटभर खा."